कायरल ॲसिड कॅटॅलिस्ट: ईई पडली की प्रोटॉनकडे नाही, ॲनायनकडे बघा

एका रिसर्च स्टुडंटचा प्रश्न थोडक्यात असा होता: ॲसिटोफेनोनच्या पीएमपी (पॅरा-मेथॉक्सिफिनाइल) इमिनचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजन डबल बाँडचं, हान्झ एस्टरने (हायड्राइड देणारा रीएजंट) रिडक्शन करायचंय, आणि प्रॉडक्टच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी, म्हणजे एनान्शिओमरपैकी, एकच हवंय. स्वस्तात जमतंय का बघायला आधी कॅम्फरसल्फॉनिक ॲसिड १० मोल टक्के टाकलं, यील्ड झकास पण ईई (एका रूपाचं दुसऱ्यापेक्षा जास्तीचं प्रमाण, टक्क्यांत) शून्य. मग फ्रीजमधली ट्रिपची (बायनॉलपासून बनवलेलं कायरल फॉस्फोरिक ॲसिड) बाटली काढली तर ईई ८५ च्या आसपास, आणि ती संपल्यावर सीनिअरने कॉलममधून परत मिळवून ठेवलेलं ट्रिप वापरलं तर रिॲक्शन रांगायला लागली आणि ईई ४० वर आली. कॅम्फरसल्फॉनिक पण कायरल (डावं-उजवं असलेलं), ट्रिप पण कायरल, मग फरक कुठे पडतो, आणि एकच कॅटॅलिस्ट दोन बाटल्यांत दोन तऱ्हेने का वागतो?

मी प्रोसेसमध्ये काम करतो, हे कॅटॅलिस्ट स्वतः बनवलेत, वापरलेत आणि बऱ्याचदा नकोही म्हटलेत, त्यामुळे सरळ सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. ॲसिड कॅटॅलिसिस म्हटलं की आपलं सगळं लक्ष प्रोटॉनकडे जातं, पण प्रोटॉनला डावं-उजवं काही नसतं, तो हायड्रोक्लोरिकमधून आला काय आणि हजारो रुपयांच्या ट्रिपमधून आला काय, सारखाच. डावं-उजवं ठरतं ते प्रोटॉन देऊन मागे उरलेल्या ॲनायनमुळे, म्हणजे निगेटिव्ह आयनमुळे. लग्नाच्या बोलणीत नवरामुलगा पुढे बसलेला असतो पण कुणी कुठल्या बाजूला बसायचं हे शेजारची आत्या ठरवते, तसंच इथे आहे, आणि आत्या उठून आत गेली की मग कुणीही कुठेही बसतं. म्हणजे ईई पडली की पहिला प्रश्न "ॲसिड किती स्ट्राँग?" हा नाही, तर "ॲनायन किती जवळ आहे, आणि तिथे नक्की माझाच ॲनायन आहे ना?" हा.

आता कॅम्फरसल्फॉनिक घ्या. त्यातला सल्फोनेट एका सीएच-टू वर लटकलेला आहे, गरागरा फिरतो, त्याचे तिन्ही ऑक्सिजन सारखे, आणि कॅम्फरचा सांगाडा कुठेतरी मागे राहतो. इमिनियम (प्रोटॉन घेतलेलं इमिन) तिथे दहा तऱ्हेने बसू शकतं आणि सगळ्या तऱ्हांची एनर्जी जवळपास सारखीच, मग हायड्राइड वरून आला काय आणि खालून आला काय. रिझोल्यूशन (डावं-उजवं वेगळं करणं) एजंट म्हणून हेच ॲसिड उत्तम चालतं, कारण तिथे काम क्रिस्टल करतो, लाखो आयन ओळीने रचले की छोटासा फरकसुद्धा विद्राव्यतेत उठून दिसतो. फ्लास्कमध्ये, एका ट्रान्झिशन स्टेटमध्ये (रिॲक्शनच्या सगळ्यात वरच्या एनर्जीच्या क्षणी), ती ओळ नसते. टार्टरिक, मँडेलिक, कॅम्फरसल्फॉनिक ही सगळी मंडळी रिझोल्यूशनमध्ये राजा आणि या कामात बहुतेक वेळा शून्य, ते याच कारणाने. गंमत म्हणजे बायनॉलचं (दोन नॅफ्थॉल जोडलेला कायरल सांगाडा) साधं फॉस्फोरिक ॲसिडसुद्धा १९७० च्या दशकापासून अमाईन वेगळे करायला रिझोल्यूशन एजंट म्हणूनच माहीत होतं. ते कॅटॅलिस्ट म्हणून चालायला २००४ उजाडावं लागलं.

२००४ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी, टोकियोच्या गाकुशुइन युनिव्हर्सिटीत अकियामा आणि सेंदाईच्या तोहोकू युनिव्हर्सिटीत तेरादा, एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच काम बाहेर काढलं. दोघांचीही मॅनिख रिॲक्शन (इमिनवर नवा कार्बन जोडणं), दोघांचंही बायनॉल फॉस्फोरिक ॲसिड. अकियामांनी सिलिल कीटिन ॲसिटाल वापरले, १० मोल टक्के, टोल्युइन, उणे ७८ अंश. तेरादांनी बॉक इमिनवर ॲसिटिलॲसिटोन, २ मोल टक्के, डायक्लोरोमिथेन, रूम टेंपरेचर. अकियामांच्या पेपरमधला पहिला टेबल प्रत्येकाने एकदा नीट बघावा असं माझं मत आहे. बायनॉलच्या ३ आणि ३-प्राइम जागी काहीच नाही, नुसते हायड्रोजन, तर ईई ०. तिथे फिनाइल लावला, २७. पॅरा-नायट्रोफिनाइल लावला, ८७. कायरल सांगाडा तोच, फॉस्फरस तोच, आम्लता थोडीफार इकडे-तिकडे, आणि तरी शून्यापासून ८७ पर्यंतचा प्रवास. म्हणजे मॉलिक्यूल कायरल असणं पुरत नाही, जिथे प्रोटॉन बसतो त्या जागेभोवती भिंती पाहिजेत. कॅम्फरसल्फॉनिकला भिंतीच नाहीत, आणि साध्या बायनॉल फॉस्फोरिकलाही नाहीत.

फॉस्फोरिक ॲसिडच का जमलं हेही बघून घ्या, कारण पुढची सगळी ट्रबलशूटिंग त्यातूनच निघते. फॉस्फरस सात ॲटमच्या रिंगमध्ये अडकलाय, म्हणून तो सल्फोनेटसारखा भिरभिरत नाही. त्याच्यावर एक ओएच आहे जो प्रोटॉन देतो आणि शेजारीच पी-डबल-बाँड-ओ आहे जो हायड्रोजन बाँड घेतो, म्हणजे एका हाताने इमिन पकडायचं आणि दुसऱ्याने येणारा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देणारा पार्टनर). शिवाय सगळ्याला सी-टू सिमेट्री आहे, त्यामुळे प्रोटॉन या ऑक्सिजनवर असला काय आणि त्या ऑक्सिजनवर असला काय, कॅटॅलिस्ट तोच राहतो, शक्यता अर्ध्या होतात. तुमच्या रिॲक्शनमध्ये इमिन प्रोटॉन घेऊन इमिनियम होतं, फॉस्फेट त्याला चिकटून राहतो, आणि हान्झ एस्टरचा एन-एच त्याच फॉस्फेटच्या दुसऱ्या ऑक्सिजनला धरतो आणि मगच हायड्राइड देतो. हिमो यांच्या आणि केंब्रिजच्या गुडमन यांच्या गटांनी २००८ मध्ये कॅल्क्युलेशन करून हे चित्र मांडलं. दोन्ही पार्टनर एकाच खोबणीत बांधलेले, आणि खोबणीच्या दोन्ही बाजूला ट्रायआयसोप्रोपिलफिनाइलच्या भिंती. चुकीच्या बाजूने यायचं तर आयसोप्रोपिलला डोकं आपटतं.

ट्रिप हे लिस्ट यांच्या गटाचं, म्युलहाइमच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधलं, २००५. ३ आणि ३-प्राइमवर २,४,६-ट्रायआयसोप्रोपिलफिनाइल, नाव त्यातूनच पडलं. तुम्ही करताय तीच रिॲक्शन त्यांनी १ मोल टक्का ट्रिप, टोल्युइन, ३५ अंश, अशी केली होती आणि ईई साधारण ८० ते ९३ मध्ये. त्याच वर्षी रूपिंग यांनी बिस-ट्रायफ्लुओरोमिथाइलफिनाइलवालं ॲसिड २० मोल टक्के, बेंझीन, ६० अंश वापरून जवळपास तेच केलं. मॅकमिलन यांनी पुढच्या वर्षी ट्रायफिनाइलसिलिलवालं घेऊन थेट कीटोन आणि अमाईनपासून रिडक्टिव्ह अमिनेशन केलं, इमिन वेगळं काढायची भानगडच नाही. (२०२१ चं नोबेल लिस्ट आणि मॅकमिलन या दोघांना मिळालं, पण ते मुख्यतः २००० सालच्या प्रोलिन आणि इमिडॅझोलिडिनोनच्या कामापासून सुरू झालेल्या ऑरगॅनोकॅटॅलिसिससाठी.) म्हणजे तुमची पहिल्या बाटलीची ८५ ही काही वाईट नाही, पेपरच्याच रेंजमध्ये आहे, तिच्यामागे लागू नका.

आता दुसरी बाटली. कॉलममधून परत मिळवलेलं ट्रिप, हे वाचलं तिथेच मला उत्तर दिसलं. सिलिका जेल काही शुद्ध वाळू नाही, तिच्यात कॅल्शियम, सोडियम असे मेटल आयन थोडे-थोडे असतात, आणि फॉस्फोरिक ॲसिडला ते फार आवडतात. कॉलममधून उतरताना ॲसिड आपला प्रोटॉन सोडून मेटल घेऊन बाहेर येतं. दिसायला तीच पांढरी पावडर, प्रोटॉन एनएमआरमध्ये ॲरोमॅटिक भाग जवळपास तोच, मास स्पेक्ट्रममध्ये निगेटिव्ह मोडला तोच ॲनायन, कारण ॲनायन तर तोच आहे ना! वजन करून १ मोल टक्का म्हणून टाकता, प्रत्यक्षात त्यात फ्री ॲसिड किती हे देव जाणे. रिॲक्शन रांगते कारण ॲसिड कमी, आणि ईई पडते कारण मुख्य रस्ता मंदावला की आडरस्त्यांना, म्हणजे मेटलचं सॉल्ट स्वतः जे करतं ते, सॉल्व्हंटमधलं चिमूटभर एचसीएल, अशा सगळ्यांना वेळ मिळतो.

हा काही फक्त शिकाऊ लॅबचा घोळ नाही. नागोयाच्या इशिहारा गटाने २०१० मध्ये सरळ हाच प्रश्न विचारला, की खरा कॅटॅलिस्ट कोण, फॉस्फोरिक ॲसिड की कॅल्शियम फॉस्फेट, आणि तेरादांच्या त्या मूळ मॅनिख रिॲक्शनचं बरंचसं श्रेय कॅल्शियम सॉल्टला जातं असं दाखवलं. तेरादांनीही नंतर आपलंच काम पुन्हा तपासून मेटल आणि मेटल-फ्री वेगवेगळं मांडलं, जे सगळेच करतात असं नाही. त्याच सुमाराला म्युलहाइमच्या गटानेही ट्रिपमधल्या सॉल्टच्या भेसळीवर एक अख्खा पेपर लिहिला. त्यामुळे २०१० च्या आधीचे पेपर वाचताना "प्युरिफाइड बाय कॉलम" एवढंच लिहिलं असेल आणि ॲसिड वॉशचा उल्लेख नसेल तर माझ्या भुवया वर जातात. रिझल्ट खोटे नाहीत, फ्लास्कमध्ये काय होतं याचं नाव कदाचित वेगळं असेल.

काय करायचं: ट्रिप डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, सेपरेटिंग फनेलमध्ये ४ ते ६ मोलर एचसीएलने दोन-तीनदा दणकून हलवा, नुसतं भिजवून सोडू नका. आणि इथे एक सवय मोडा, सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट टाकून वाळवू नका, आत्ता जो मेटल काढला तोच परत घालाल. ऑरगॅनिक लेयर सरळ रोटावर घ्या, टोल्युइन टाकून दोनदा ओढा म्हणजे पाणी निघून जाईल, आणि मग हाय व्हॅक्यूमवर रात्रभर. हे शेवटचं लोक घाईत टाळतात आणि तिथेच फसतात, कारण अडकून राहिलेलं एचसीएल हे स्वतः फर्मास कॅटॅलिस्ट आहे, फक्त रेसिमिक प्रॉडक्ट देणारं. सॉल्ट राहिलं तर रिॲक्शन मरते, एचसीएल राहिलं तर रिॲक्शन धावते आणि ईई मरते, या दोन लक्षणांवरून घोळ कुठला ते बऱ्यापैकी कळतं. तुमच्याकडे मंदावली, म्हणून माझा संशय सॉल्टवर. फॉस्फरस एनएमआर घ्या, ॲसिड आणि सॉल्टची शिफ्ट वेगळी येते, पण कॉन्सन्ट्रेशन आणि पाण्यानेही ती सरकते, म्हणून एकट्या नंबरवर भरवसा ठेवू नका, धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं सॅंपल एकाच सॉल्व्हंटमध्ये, एकाच कॉन्सन्ट्रेशनला, शेजारी-शेजारी ठेवा. कुणाकडे आयसीपीची (मेटल मोजायच्या यंत्राची) सोय असेल तर कॅल्शियम मोजून घ्या, वाद मिटतो.

मॉलिक्युलर सीव्हबद्दल एक गोष्ट सांगतो. ३ अँगस्ट्रॉम म्हणजे पोटॅशियमवाली, ४ म्हणजे सोडियमवाली, ५ म्हणजे कॅल्शियमवाली. तुम्ही ॲसिड छान धुऊन आणलं आणि वर ५ अँगस्ट्रॉमची पूड ढिगाने टाकली तर काय होऊ शकतं ते तुम्हीच सांगा. तरी मॅकमिलन यांच्या रिडक्टिव्ह अमिनेशनमध्ये ५ अँगस्ट्रॉमच वापरली आहे आणि ईई ९० च्या वर गेली आहे, तेव्हा सीव्ह वाईटच असं नाही, त्या रिॲक्शनमध्ये पाणी तयार होतं आणि ते काढणं जास्त गरजेचं असतं. पण तुम्ही इमिन आधीच बनवून घेताय, तुम्हाला पाणी बाहेर ठेवायचं आहे फक्त, तर सुकं टोल्युइन आणि सुका फ्लास्क पुरे. पाणी शिरलं तर इमिन फुटतं, अमाईन मोकळं होतं, ते इमिनपेक्षा जास्त बेसिक, तेच ॲसिडला धरून बसतं.

सॉल्व्हंटबद्दल विचारलं नव्हतं पण विचाराल. ॲनायन जवळ राहिला पाहिजे हे एकदा डोक्यात बसलं की सॉल्व्हंटची निवड आपोआप कळते: टोल्युइन, बेंझीन, सायक्लोहेक्झेन, फार तर डायक्लोरोमिथेन. मिथेनॉल, डीएमएफ, डीएमएसओ हे इमिनियम आणि फॉस्फेटच्या मध्ये घुसतात, हायड्रोजन बाँड स्वतःकडे ओढून घेतात, जोडी सुटते, ईई गेली. याचा सगळ्यात सुंदर पुरावा मला ॲसिडच्या नाही तर गोल्डच्या कामात दिसतो. टोस्ट यांच्या बर्कलेच्या गटाने २००७ मध्ये ट्रिपचं सिल्व्हर सॉल्ट घेऊन कॅटायनिक गोल्डला कायरल ॲनायन दिला आणि ॲलीनवर अल्कोहोलची सायक्लायझेशन केली, गोल्डवरचा लिगँड कायरल नव्हता तरी चालत होतं, बेंझीनमध्ये ईई ९० च्या पार. तीच रिॲक्शन नायट्रोमिथेनमध्ये केली तर ईई कोसळली. तिथे प्रोटॉनचा संबंधच नाही, तरी वागणूक हुबेहूब तीच. म्हणून म्हणतो, या सगळ्या कुटुंबाकडे "कायरल ॲसिड" म्हणून न बघता "कायरल ॲनायन" म्हणून बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. आणि हो, यावरून हेही कळतं की सॉल्ट म्हणजे कचरा नव्हे, कॅल्शियम, मॅग्नेशियम फॉस्फेट हे स्वतः चांगले कॅटॅलिस्ट आहेत, फक्त काय टाकलंय ते माहीत पाहिजे.

टेंपरेचरचा हिशोब एकदा हाताने करून बघा, मग वेडंवाकडं कूलिंग करायची हौस कमी होते. ९० टक्के ईई म्हणजे ९५ आणि ५, गुणोत्तर १९. २५ अंशाला त्यासाठी दोन ट्रान्झिशन स्टेटमधला फरक फक्त १.७ किलोकॅलरी लागतो, ९९ टक्क्यांसाठी ३.१ च्या आसपास, आणि ५० टक्क्यांसाठी ०.६५. म्हणजे एका बऱ्यापैकी हायड्रोजन बाँडपेक्षाही कमी एनर्जीवर आपला सगळा खेळ चाललाय. तोच १.७ चा फरक कायम राहिला असं धरून उणे ७८ ला गेलं तर गुणोत्तर ९० च्या जवळ जातं, म्हणजे ईई ९८ च्या आसपास. कागदावर मस्त. प्रत्यक्षात तुमची हान्झ रिॲक्शन उणे ७८ ला हलणारच नाही, हान्झ एस्टर तर टोल्युइनमध्ये थंडीत विरघळतही नाही धड, आणि मेकॅनिझम बदलला तर तो १.७ सुद्धा तोच राहील याची हमी नाही. ३५ वरून रूम टेंपरेचरला आणा, जास्त वेळ द्या, तेवढं पुरे.

आता ॲसिडच्या ताकदीबद्दल, कारण "अजून स्ट्राँग ॲसिड घेऊ का" हा मोह सगळ्यांना होतो. बायनॉल फॉस्फोरिक ॲसिडचा पीकेए (जितका कमी तितकं ॲसिड स्ट्राँग) ॲसिटोनायट्राइलमध्ये साधारण १२ ते १४. इमिनसाठी भरपूर झालं, इमिन बेसिक असतं. पण साधा कीटोन, आल्डिहाइड, त्याहून पुढे नुसता अल्कीन, यांना प्रोटॉन द्यायला तो कमी पडतो. म्हणून २००६ मध्ये शिकागोत यामामोतो आणि नाकाशिमा यांनी पी-डबल-बाँड-ओच्या शेजारच्या ओएचच्या जागी एन-ट्रायफ्लिल आणला, फॉस्फोरामाइड झालं, आम्लता काही लाख पटींनी वाढली आणि कीटोनचं डील्स-आल्डर जमलं. २००९ मध्ये डायसल्फोनिमाइड आले. पण खरा उडी मारणारा टप्पा लिस्ट यांच्या गटाचा, आधी २०१२ मध्ये आयडीपी (इमिडोडायफॉस्फेट), दोन बायनॉल एका नायट्रोजनने जोडलेले, ज्यात खोबण इतकी चिंचोळी झाली की स्पायरोॲसिटालसारखे छोटे, गुळगुळीत, पकडायला काही नसलेले मॉलिक्यूलसुद्धा नीट बसायला लागले, आणि मग २०१६ पासून आयडीपीआय (इमिडोडायफॉस्फोरिमिडेट), ज्यात खोबण तीच पण पीकेए ४.५ आणि त्याच्याही खाली. एकेक पीकेए म्हणजे दहापट हे विसरू नका, म्हणजे फॉस्फोरिकच्या मानाने कोटी पटीच्या घरात. २०१८ मध्ये त्याने साध्या, काही ॲक्टिव्हेशन नसलेल्या अल्कीनला प्रोटॉन देऊन आतल्या आत इथर बनवून दाखवला, आणि त्याच वर्षी कीटोनच्या मुकैयामा आल्डॉलमध्ये कॅटॅलिस्ट पीपीएमच्या पातळीपर्यंत नेऊन दाखवला. आपल्या १० मोल टक्क्यांच्या जगातून बघितलं तर हे जादूसारखं वाटतं.

पण यात गोम काय आहे बघा. नुसती ताकद वाढवली आणि खोबण नसली तर ॲनायन निवांत होतो, निगेटिव्ह चार्ज पसरतो, पकड ढिली पडते. ताकद आणि पकड एकमेकांच्या उलट ओढतात. आयडीपीआय चालतं कारण पकड हायड्रोजन बाँडवरून काढून भिंतींवर टाकली, कॅटायन जाणार कुठे, चारी बाजूंनी वेढलेला आहे. तुमच्या इमिनसाठी त्याची गरज नाही. तिथे आयडीपीआय घेऊन बसणं म्हणजे पैसे जास्त झालेत असं मी म्हणेन, आणि बेसिक प्रॉडक्ट असेल तर ते इतक्या स्ट्राँग ॲसिडला सोडतच नाही, टर्नओव्हरच थांबतो.

पैशांवरून आठवलं, ट्रिपचं मॉलिक्युलर वेट ७५३. म्हणजे १ मिलिमोल इमिन, २२५ मिलिग्रॅम, त्यावर १० मोल टक्के म्हटलं तर ७५ मिलिग्रॅम ट्रिप, सबस्ट्रेटच्या वजनाच्या एक तृतीयांश! "कॅटॅलिटिक" शब्द तोंडावर फेकायला बरा आहे, पण प्रोसेसवाला माणूस वजनात विचार करतो. म्हणून १ ते २ मोल टक्क्यांवर जी चालते तीच खरी रिॲक्शन असं मी धरतो. घरी बनवायचं असेल तर रस्ता माहीत असेलच: बायनॉलचे ओएच मिथाइल किंवा मॉम (मेथॉक्सिमिथाइल) लावून झाकायचे, ब्यूटाइल लिथियमने ऑर्थो जागेवर हॅलोजन आणायचं, मग कपलिंग. साध्या ॲरिलला सुझुकी चालतं, पण ट्रायआयसोप्रोपिलफिनाइल इतका अडगळीचा की तिथे ग्रिन्यार आणि निकेल लागतं. मग डीप्रोटेक्शन, पिरिडिनमध्ये फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, आणि शेवटी हायड्रोलिसिस. हे हायड्रोलिसिस भिंतींमुळे मंद असतं, पी-सीएल शिल्लक राहिलं तर ते पुढे फ्लास्कमध्ये हळूहळू एचसीएल सोडत बसतं, आणि तुम्ही ईई का पडली म्हणून आठवडाभर डोकं खाजवता. पाणी टाकून व्यवस्थित गरम करा, फॉस्फरस एनएमआरमध्ये एकच पीक दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक शंका मनात येईल की इतक्या वेळा धुऊन, गरम करून बायनॉलच रेसिमाइझ होत नसेल ना. ट्रिपच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही, बायनॉलचा अक्ष फिरायला ३७ किलोकॅलरीच्या आसपास लागतात, आणि फॉस्फेटच्या रिंगने तो अजून बांधलेला असतो. मोकळ्या बायनॉलला मात्र गरम स्ट्राँग ॲसिड किंवा बेसमध्ये दमाने घ्या, डीप्रोटेक्शन झालं की एकदा एचपीएलसी करून डायॉलची ईई बघून ठेवा.

आता मोजमाप. ईईचे आकडे सांगताना तुम्ही सॅंपल कुठून घेतलं ते लिहिलं नव्हतं. कॉलममधल्या मधल्या एक-दोन फ्रॅक्शनची ईई मोजू नका, एनान्शिओमर साध्या सिलिकावरसुद्धा कधीकधी पुढे-मागे होतात, आधीच्या फ्रॅक्शनला एक ईई आणि शेवटच्याला दुसरी असं होतं, कायरल काही नसलेल्या कॉलमवर. विश्वास बसत नसेल तर एकदा फ्रॅक्शनवार मोजून बघा. सगळे फ्रॅक्शन एकत्र करून, क्रिस्टलायझेशनच्या आधी मोजा. हान्झ एस्टरपासून तयार झालेला पिरिडिन डायएस्टर बऱ्याचदा प्रॉडक्टच्या गळ्यात गळा घालून उतरतो, तो यूव्हीला सणसणीत दिसतो आणि एचपीएलसीत एका एनान्शिओमरच्या पीकखाली लपला तर ४० ची ईई ६० दिसेल किंवा उलट. म्हणून आधी शुद्ध रेसिमिक स्टँडर्ड पाहिजे, आणि ते डायफिनाइल फॉस्फेट टाकून याच रिॲक्शनने बनवा, सोडियम बोरोहायड्राइडने बनवलेलं नको असं नाही, पण डायफिनाइल फॉस्फेटने बनवलं की तेच बायप्रॉडक्ट त्यातही दिसतात आणि कुठलं पीक कुणाचं ते कळतं. वर बोनस म्हणजे, ॲकायरल फॉस्फेटने रिॲक्शन कुठल्या वेगाने जाते याचा अंदाज येतो.

कॅटॅलिस्ट बदलण्याआधी अजून एक कंट्रोल करा, कॅटॅलिस्ट अजिबात न टाकता. इमिन, हान्झ एस्टर, तेच टोल्युइन, तेच टेंपरेचर, तेवढाच वेळ. काही झालं नाही तर उत्तम. दहा-पंधरा टक्के जरी प्रॉडक्ट आलं तर तुमच्या इमिनमध्येच कुठेतरी ॲसिड आहे, बहुतेक इमिन बनवताना टाकलेलं टोसिक ॲसिड राहिलंय, आणि मग जगातलं कुठलंही ट्रिप तुम्हाला वाचवणार नाही. इमिन रिक्रिस्टलाइझ करा.

हे सगळं करूनही ईई ८५ लाच अडली तर मी ३,३-प्राइमचे ग्रुप बदलत बसायच्या आधी नायट्रोजनवरचा ग्रुप बदलून बघेन. अकियामांच्या कामात नायट्रोजनवर ऑर्थो-हायड्रॉक्सिफिनाइल होता, तो ओएच फॉस्फेटला दुसरी गाठ मारतो, आणि तो काढून साधा फिनाइल ठेवला की ईई खूपच खाली आली. ग्रुप कसा आहे यावर पकड किती, हे तिथे सरळ दिसतं. पीएमपीचा फायदा हा की तो शेवटी सेरिक अमोनियम नायट्रेटने काढता येतो, तोटा हाही तोच, कारण मोठ्या बॅचला ते सेरियम आणि त्याचा कचरा कुणालाच नको असतो. तुमचं पुढचं लक्ष्य नुसता थीसिसचा टेबल असेल तर पीएमपी ठेवा.

आणि शेवटी सबस्ट्रेट. ॲसिटोफेनोनच्या जातीचे, एका बाजूला ॲरिल आणि एका बाजूला मिथाइल, हे या पद्धतीचे लाडके. २-ब्यूटानोनसारखे दोन्ही बाजूला अल्किल असलेले कीटोन वेगळी गोष्ट आहे, मॅकमिलन यांनी त्यांच्यात मिथाइल आणि इथाइलमध्येसुद्धा फरक पाडून दाखवला हे खरं, पण ते रोजचं काम नाही. तुमच्या गाइडना त्या बाजूला जायचं असेल आणि उद्देश फक्त अमाईन मिळवणं असेल, तर ट्रान्सअमिनेज एन्झाइमचा विचार करा. सिटाग्लिप्टिनमध्ये मर्क आणि कोडेक्सिस यांनी २०१० मध्ये रोडियमचं हायड्रोजनेशन काढून त्या जागी तेच आणलं होतं, प्रोटेक्टिंग ग्रुपची कटकट नाही, पाण्यात चालतं, आणि नायट्रोजनवर काही काढायचं शिल्लक राहत नाही.